उरलेल्या कापडांची हाताने शिवलेली गोधडी: काही महिने रोज वापरल्यावर

घरातल्या जुन्या कपड्यांचे तुकडे जोडून हाताने शिवलेली गोधडी आता कित्येक महिने रोजच्या वापरात आहे. थंडीत पांघरायला, उकाड्यात अंथरायला, मधूनमधून धुवायला. एवढ्या वापरानंतर माझं ठाम मत असं झालंय की गोधडीचं आयुष्य दोन गोष्टी ठरवतात: शेजारशेजारच्या तुकड्यांचं अंग (जाडी आणि मजबुती) सारखं आहे का, आणि धावदोरा, म्हणजे सगळ्या थरांतून आरपार जाणारी साध्या टाक्यांची ओळ, किती दाट घातलाय. नक्षी आणि रंगसंगती डोळ्यांना सुख देतात, त्यांच्यावर मीही मन लावून काम केलं, पण धुण्याच्या टबात त्यांचा काही उपयोग होत नाही.

माप साधारण 5 बाय 7 फूट. वर 6 इंचाचे चौकोन, आडवे 10 आणि उभे 14, म्हणजे एकूण 140. शिवून झाल्यावर 6 इंच दिसायला हवा तर चारही बाजूंनी पाव इंच माया (शिवणीत जाणारं जादा कापड) धरून साडेसहा इंचाचा तुकडा कापावा लागतो. मध्ये दोन जुन्या पातळ चादरी, खाली एक धडधाकट सुती चादर. वरचे तुकडे सदरे, उशांचे अभ्रे, ओढण्या, परकर आणि जीन्सचे. ही सरमिसळ मी मुद्दाम ठेवली. कोणतं कापड वापरात कसं वागतं ते एकाच गोधडीवर पाहायचं होतं.

सगळ्यात आधी हार मानली ती रेयॉनच्या तुकड्यांनी. हे कापड हाताला इतकं मऊ आणि झुळझुळीत लागतं की गोधडीसाठी तेच उत्तम वाटावं. पण सूत ओलं झालं की उलट जास्त मजबूत होतं, आणि साधं रेयॉन ओलं झालं की त्याची बरीचशी ताकद जाते. भिजलेली गोधडी भलतीच जड होते आणि तो सगळा भार टाक्यांवर येतो. दोन-चार धुण्यांनंतर रेयॉनच्या तुकड्यांवर टाक्यांची भोकं रुंदावली, मग टाक्याच्या रेषेतच कापड फाटलं. शेजारचे त्याहून जुने सुती तुकडे मात्र जसेच्या तसे आहेत.

म्हणून तुकडा घेण्याआधी त्याची जात ओळखायला शिकावं. जाळून पाहण्याची रीत बऱ्याच जणांना माहीत असते: पॉलिस्टर वितळतं आणि त्याचा टणक मणी होतो, सूत कागदासारखं जळतं आणि मऊ राख उरते. अडचण अशी की रेयॉनही कागदासारखंच जळतं, त्यामुळे सूत आणि रेयॉन यांतला फरक या परीक्षेत कळत नाही. त्यासाठी कापडातून एक धागा काढायचा, मधोमध ओला करायचा आणि दोन्ही टोकं धरून ओढायचा. रेयॉनचा धागा ओल्या जागी पटकन तुटतो. सुताचा तिथे चिवटपणे तग धरतो. काही क्षणांचं काम आहे, आणि पुढची किती तरी ठिगळं वाचतात.

जीन्सचा अनुभव वेगळा. ते तुकडे स्वतः जराही झिजलेले नाहीत, पण त्यांना लागून असलेले मलमलीचे तुकडे शिवणीपाशी विरले. जाड कापड लवत नाही, त्यामुळे घडी घालताना, अंगावर ओढताना येणारा ताण सगळा पातळ शेजाऱ्याला सोसावा लागतो. शिवाय जिथे जीन्सचे चार कोपरे एकत्र येतात तिथे सुई आरपार काढताना बोटं दुखून येतात. जीन्स घ्यायची तर अख्खी गोधडी जीन्सची करावी. अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या जीज बेंड गावच्या बायकांनी कामावरच्या झिजलेल्या कपड्यांच्या गोधड्या शिवल्या, 2002 साली ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात त्यांचं मोठं प्रदर्शन झालं. त्यांतल्या काही गोधड्यांवर उसवून काढलेल्या खिशाची जागा आजूबाजूच्या विटलेल्या कापडापेक्षा गडद दिसते. तसा एक खिशाची खूण असलेला तुकडा माझ्याही गोधडीत आहे आणि तो मला फार आवडतो.

कापताना उभा-आडवा धागा पाहूनच कापा. उरेब, म्हणजे धाग्याला तिरका, कापलेला चौकोन शिवतानाच ताणला जातो, आणि असे तुकडे बरेच झाले की अख्खी गोधडी वाकडी होते. सगळं कापड आधी गरम पाण्यात धुऊन, आकसायचं तेवढं आकसू द्यायचं. लाल, काळ्या आणि गडद निळ्या तुकड्यांवर ओलं पांढरं फडकं दाबून रंग सुटतो का तेही बघायचं.

आता धावदोरा. थर एकमेकांना धरून ठेवतो तो हाच, आणि वेळ खातो तोही हाच. हिशोब करून पाहा: एक इंचाच्या अंतराने उभ्या ओळी घातल्या तर 5 फूट रुंदीत सुमारे 60 ओळी होतात, प्रत्येक 7 फुटांची. म्हणजे 420 फूट शिवण, तीसुद्धा तुकडे जोडण्याची शिवण सोडून. माझ्या गोधडीत कडेकडेने ओळी एक इंचावर आहेत आणि मधल्या पट्ट्यात तुलना करण्यासाठी तीन इंचांवर ठेवल्या. फरक स्पष्ट दिसतो. दाट भाग एकजीव झालाय, प्रत्येक धुण्यानंतर आणखी मऊ होत गेलाय. विरळ भागात आतल्या चादरी सरकून चुण्या पडल्यात आणि त्या पाठीला टोचतात. एक इंचापेक्षा जास्त अंतर मी पुन्हा ठेवणार नाही. बारीक कामात इंचाला 8-10 टाके घालतात, पण चार थरांच्या गोधडीला 4-5 टाके पुरतात. ते एकसारखे असले म्हणजे झालं.

ओळी सुरू करण्याआधी जमिनीवर सगळे थर ताणून अंथरा आणि मधून कडेकडे जात हाताच्या पंजाएवढ्या अंतरावर कच्चे टाके घाला. टाचण्यांवर भागवू नका, त्या निसटतात आणि घरात लहान मूल असेल तर धोका वेगळाच.

दोरा सुतीच वापरला. जुन्या कापडापेक्षा दोरा फार मजबूत असला तर ताण आल्यावर कापड फाटतं. दोरा तुटला तर परत शिवता येतो. साधारण दीड फूट लांबीचाच घ्यावा, त्याहून लांब घेतला की गुंता होतो आणि सुईच्या नेढ्यात घासून तो विरतोही. आधी मेणावरून ओढून घेतला तर सरळ चालतो. गाठ खालच्या बाजूला उघडी ठेवायची नाही, हलका झटका देऊन थरांच्या आत ओढून घ्यायची. वापरात ज्या मोजक्या ओळी उसवल्या त्या सगळ्या उघड्या गाठीपासून सुरू झाल्या. सुईचा आकडा जितका मोठा तितकी ती बारीक, हे दुकानात लक्षात ठेवा. या जाडीला 7 किंवा 8 नंबरची आखूड सुई मला बरी पडली. आणि अंगुस्तान, म्हणजे सुई ढकलताना बोटावर घालायची टोपी, हवंच. पहिल्या आठवड्यात ते अडचणीचं वाटतं, नंतर त्याच्याशिवाय बसवत नाही.

गोटाबद्दल, म्हणजे कडेला दुमडून शिवलेल्या पट्टीबद्दल, थोडं जास्त सांगते, कारण झीज तिथूनच सुरू होते. डोक्याकडच्या बाजूला मी उरेब पट्टीचा दुहेरी गोट लावला, बाकीच्या तीन बाजूंना सरळ पट्टीचा. हात, हनुवटी, केसांचं तेल यांमुळे डोक्याकडची कड सगळ्यात जास्त घासली जाते, तरी ती शाबूत आहे. पायाकडची सरळ पट्टी मात्र घडीवर विरायला लागली. कारण सोपं आहे. सरळ पट्टीत अख्खी घडी एकाच धाग्याच्या ओळीवर येते आणि तोच धागा सतत घासला जातो. उरेब पट्टीत घडीवर अनेक धागे तिरके येतात, झीज वाटली जाते. उरेब पट्टीला कापड जास्त लागतं, तरी चारही बाजूंना तीच लावावी.

धुण्याचं काम जड आहे, हे आधीच माहीत असू द्या. गार पाणी, सौम्य साबण, पिळायचं नाही, दाबून पाणी काढायचं. एका कडेने दोरीवर टांगली तर ओल्या वजनाने टाके ओढले जातात, म्हणून दोन-तीन दोऱ्यांवर पसरून, सावलीत. वाळायला वेळ लागतो आणि अर्धवट वाळलेली घडी करून ठेवली तर कुबट वास बसतो. ज्यांच्याकडे पसरायला जागा नाही त्यांनी मधला एक थर कमी करावा. ऊब थोडी कमी होईल, पण धुणं निभेल.

फाटलेले रेयॉनचे तुकडे मी उसवणार नाही, उसवलं तर आजूबाजूच्या ओळीही सुटतात. त्यांच्यावर धुतलेल्या सुती कापडाची ठिगळं बसवतेय. चारही कडा पाव इंच आत दुमडायच्या, ठिगळाचा उभा धागा खालच्या चौकोनाच्या उभ्या धाग्याशी जुळवायचा, कडेने बारीक हेम (दुमडलेली कड पकडणारे लहान टाके) घालायची, आणि मग जुन्या धावदोऱ्याच्या रेषेवरूनच नवा धावदोरा सगळ्या थरांतून आरपार न्यायचा. आतापर्यंत बसवलेली ठिगळं धुण्यात टिकलीत.