दरड समजून घेण्यासाठी इंटरनेटवर काय पाहावे

माळीण (३० जुलै २०१४), तळिये (२२ जुलै २०२१) आणि इर्शाळवाडी (१९ जुलै २०२३) या तिन्ही ठिकाणी ऐन जुलैत डोंगर खाली आला. त्यामुळे मिरग जवळ आला की घाटमाथ्यावरच्या आणि कोकणातल्या वाड्यांमध्ये ‘आपल्या घरामागचा डोंगर धरून राहील का’ हा प्रश्न निघतोच. त्याचे उत्तर शोधताना इंटरनेटवर मोफत मिळणारी जी साधने मी वापरली, त्यांपैकी कोणते कशासाठी उपयोगी पडते, हे येथे लिहीत आहे.

इस्रोच्या हैदराबाद येथील राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राने २०२३ मध्ये भारताचा भूस्खलन अॅटलस प्रसिद्ध केला. १९९८ ते २०२२ या काळातील सुमारे ८०,००० दरडींची नोंद त्यात असून, १७ राज्ये व २ केंद्रशासित प्रदेशांतील १४७ जिल्ह्यांची जोखमीनुसार क्रमवारी लावलेली आहे. उत्तराखंडातील रुद्रप्रयाग तीत पहिला आहे. अभ्यासकाला आणि पत्रकाराला हा अॅटलस मोलाचा वाटेल, पण जिल्ह्याचा क्रमांक कळल्याने वाडीतल्या माणसाच्या हाती फारसे काही लागत नाही. नासाच्या जागतिक सूचीबद्दलही हेच म्हणता येईल. २००७ पासूनच्या, प्रामुख्याने पावसामुळे झालेल्या दरडी तीत आहेत, मात्र त्या बहुतांशी बातम्यांवरून टिपलेल्या असल्याने ज्या दरडीची बातमी झाली नाही ती सूचीत येण्याची शक्यता कमीच.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे ‘भूसंकेत’ हे संकेतस्थळ आणि ‘भूस्खलन’ हे मोबाइल अॅप आपल्याला अधिक जवळचे आहे. कोलकाता येथील राष्ट्रीय भूस्खलन पूर्वानुमान केंद्रासोबत जुलै २०२४ मध्ये त्यांचे उद्घाटन झाले. सर्वेक्षणाने २०१४ पासून हाती घेतलेल्या राष्ट्रीय प्रकल्पातील नकाशे उतारांची दरडप्रवणता, म्हणजे तेथे दरड कोसळण्याची शक्यता, उच्च, मध्यम आणि कमी अशा तीन श्रेणींत दाखवतात. नकाशाचे प्रमाण १:५०,००० आहे, म्हणजे नकाशावरचा एक सेंटीमीटर जमिनीवर अर्धा किलोमीटर भरतो आणि दोनशे मीटर पसरलेली वाडी अवघ्या चार मिलिमीटरांत मावते. एवढ्याशा ठिपक्यावरून कोणाचे घर राहील आणि कोणाचे जाईल हे ठरवता येत नाही, आणि तशी अपेक्षाही धरू नये. कोणत्या खोऱ्यात आधी तज्ज्ञांनी प्रत्यक्ष जाऊन पाहावे, हे मात्र हे नकाशे चांगले सांगतात. कमी दरडप्रवणतेचा रंग पाहून कोणीही निर्धास्त होऊ नये. इर्शाळवाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, हे सरकारनेच विधिमंडळात सांगितले होते.

मला सर्वांत उपयोगी वाटली ती अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने २००८ मध्ये काढलेली दरडींवरील मार्गदर्शिका. ती पीडीएफ रूपात तशीच उतरवून घेता येते. भाषा इंग्रजी असली तरी सोपी आहे आणि आकृत्या भरपूर आहेत. आपण घाटात सुटलेल्या एका धोंड्यालाही दरड म्हणतो आणि गाव गिळणाऱ्या चिखलाच्या लोंढ्यालाही दरडच म्हणतो. ही पुस्तिका मात्र कोसळणे, उलथणे, घसरणे, पसरणे आणि वाहणे असे प्रकार वेगवेगळे करून दाखवते. हा भेद केवळ पुस्तकी नाही, कारण महामार्गावरचे धोंडे अडवणारी लोखंडी जाळी माळीणवर आलेला चिखल अडवू शकली नसती.

धोक्याच्या खुणांची तिच्यातली पाने तर प्रत्येकाने वाचावीत: जमिनीला नव्याने पडलेल्या भेगा, कललेली झाडे व खांब, कोरड्या जागी अचानक फुटलेला झरा, चौकटीत अडकू लागलेली दारे, एकाएकी गढूळ झालेला ओढा. पाऊस कोसळत असताना ओढ्याचे पाणी अचानक ओसरले, तर लोकांना हायसे वाटते. वास्तविक वर कोठेतरी मातीने प्रवाह अडवला असण्याची ती खूण असू शकते, आणि अशा वेळी ओढ्याकाठी क्षणभरही थांबू नये. पोलादपूर तालुक्यातील एका वाडीत ही पाने मी मराठीत सांगत होतो, तेव्हा एक आजी मध्येच उठल्या आणि मला गोठ्याकडे घेऊन गेल्या. गोठ्याचे दार गेल्या श्रावणापासून खाली घासत होते आणि मागच्या जोत्याला बोट जाईल एवढी भेग पडली होती. त्यांनी ती शेणाने दोनदा लिंपली होती. ती कशामुळे पडली हे सांगण्याचा अधिकार माझा नाही, म्हणून आम्ही तिचे छायाचित्र आणि मोजमाप घेऊन त्याच दिवशी तलाठ्यांकडे लेखी अर्ज दिला. हीच पाने कोणी जाणकाराने नीट मराठीत आणली, तर प्रत्येक डोंगराळ ग्रामपंचायतीने ती मे महिन्यातच फलकावर लावावीत.