जीआर८६चा सायलेन्सर दोनदा बदलला, त्याची गोष्ट

माझी गाडी २०२२ची टोयोटा जीआर८६, छोटी स्पोर्ट्स कार, मॅन्युअल गिअरची. मी कॅलिफोर्नियात सॅन होजेला राहते. रोज २८० फ्रीवेवरून ऑफिस, आणि जमेल त्या शनिवारी भल्या सकाळी सॅराटोगाहून हायवे ९ने वर डोंगरमाथ्यावरच्या स्कायलाइन रस्त्याला. गाडीचं एवढंच विश्व. चौदा महिन्यांत तिला दोन सायलेन्सर लावून झाले. पहिला साडेचार महिन्यांत विकला, दुसरा आजही आहे.

बदलायचं कारण आवाज, दुसरं काही नाही. २.४ लिटरचं बॉक्सर (आडव्या, समोरासमोरच्या सिलिंडरांचं) इंजिन, ७,००० आरपीएमला २२८ हॉर्सपॉवर, चालवायला झकास. पण कंपनीचा सायलेन्सर इतका मिळमिळीत, की टोयोटाने इंजिनाचा आवाज स्पीकरमधून वाढवून आत सोडलाय. हे मला गाडी घेतल्यावर दोन आठवड्यांनी कळलं. लग्नात सनई छान वाजतेय म्हणून कौतुकाने बघायला जावं आणि तिथे नुसता टेपरेकॉर्डर ठेवलेला असावा, तसं झालं.

ताकदीसाठी कुणी नुसता मागचा पाइप बदलायचा विचार करत असेल तर पैसे टायरवर घालावेत. टर्बो नसलेल्या या इंजिनात त्याने हाती जे लागतं ते सीटवर बसून तरी कळत नाही. जुन्या दोन लिटरच्या ८६मध्ये साधारण साडेतीन ते साडेचार हजार आरपीएमच्या मध्ये टॉर्क, म्हणजे इंजिनाची ओढ, खाली बसायची, म्हणून लोक हेडर (इंजिनातून धूर बाहेर आणणाऱ्या पहिल्या नळ्या) बदलायचे. नव्या इंजिनात टॉर्कचा कळस ३,७००लाच येतो, तो खड्डा बराचसा बुजलाय. शिवाय हेडरमध्येच धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे कॅट, बसवलेला असतो. कॅलिफोर्नियात तो बदलायचा तर नव्या भागाला एअर रिसोर्सेस बोर्डाचा मंजुरी क्रमांक लागतो. नव्या गाडीला पहिली आठ वर्षं स्मॉग चेक, म्हणजे धुराची सरकारी तपासणी, नसते, त्यामुळे ‘कोण बघतंय’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. मी त्या वाटेला गेले नाही. कॅटच्या मागचं तेवढं बदललं.

पहिला सेट मी व्हिडिओ बघून घेतला. कंपनीचं नाव लिहीत नाही. पार्किंगमध्ये उभी गाडी, मागे मोबाइल धरलेला, कुणीतरी ॲक्सिलरेटर दाबतंय, असले वीसेक व्हिडिओ हेडफोन लावून ऐकले. ज्याचा आवाज सर्वांत भरदार तो मागवला. पहिल्या शनिवारी डोंगरात मी खुळ्यासारखी हसत होते. सोमवारी फ्रीवेला लागले, सहावा गिअर टाकला, काटा ७० मैलांवर गेला आणि डोक्याभोवती भुंगा सुरू झाला. कर्कश नाही, मोठाही नाही. शेजारच्या फ्लॅटमध्ये कुणीतरी पिठाची गिरणी लावल्यासारखी घरघर, ती कानापेक्षा छातीत जास्त जाणवते. नवऱ्याने एकदा सांताक्रूझपर्यंत सोबत केली आणि परतीला मैत्रिणीच्या गाडीतून येतो म्हणाला.

हे माझ्या गाडीत ७०लाच का, ते कागदावर मांडल्यावर लख्ख कळलं. चार सिलिंडरचं इंजिन एका फेऱ्यात दोनदा पेटतं. ३,००० आरपीएम म्हणजे सेकंदाला ५० फेरे, म्हणजे १०० ठोके. आणि या गाडीचा सहावा गिअर, डिफरन्शियल आणि टायरचा घेर यांचा गुणाकार केला, की ताशी ७० मैलांना आरपीएमचा काटा बरोबर ३,०००ला येतो. म्हणजे रोज ज्या वेगाने पाऊण तास बसायचं, नेमक्या त्याच वेगाला १०० हर्ट्झचा ढोल, आणि मागची डिकी व केबिन त्याला साथ द्यायला. पाचवा टाकला की ३,९००, भुंगा गप्प. पण मग पेट्रोल कुणाच्या खिशातून?

सायलेन्सरवाल्या कंपनीला लिहिलं. उत्तर आलं की हजार मैल झाले की आवाज ‘बसतो’. दोन हजार झाले. आतलं पॅकिंग तापून टिपेचा स्वर थोडा बदलला खरा, भुंगा जागेवरच.

यात मला फसवलं ते मोबाइलच्या डेसिबल ॲपने. मूळ सायलेन्सर आणि हा, ७०ला फरक दाखवला जेमतेम तीन डेसिबलचा. मला वाटलं, माझंच डोकं दुखरं. मग लक्षात आलं की ॲप ‘ए’ वेटिंगवर, म्हणजे खालचे स्वर कमी धरणाऱ्या पद्धतीने, मोजतं, आणि त्यात १०० हर्ट्झचा आवाज तब्बल १९ डेसिबल कमी धरला जातो. ज्या आवाजाने जीव जातोय, तोच मीटर हिशेबात घेत नाही. तुलना करायचीच असेल तर खालचे स्वरही धरणारं ‘सी’ वेटिंग लावा, नाहीतर सरळ ज्याच्याकडे तो सायलेन्सर आहे त्याच्या गाडीत बसून फ्रीवेवर दहा मिनिटं गप्पा मारून बघा. गप्पा मारता आल्या तर ठीक.

एका वेल्डरने पाइपला बाजूने एक बंद नळी जोडून देतो म्हटलं. त्या नळीत गेलेली लाट टोकाला आपटून उलटी येते आणि मूळ लाटेला मारते. उपाय खरा आहे, पण नळीची लांबी लाटेच्या पाव भागाएवढी हवी. तापलेल्या धुरात १०० हर्ट्झसाठी ती जवळजवळ सव्वा मीटर निघते. एवढं शेपूट या गाडीखाली वळवायचं कुठे?

दुसरा घेतला तो पेनसिल्व्हेनियाच्या एडब्ल्यूई कंपनीचा ‘टूरिंग’ सायलेन्सर. तत्त्व तेच, फक्त उलट्या लाटेची सोय सायलेन्सरच्या पोटातल्या कप्प्यांत केलेली. तो निवडण्याआधी मात्र एका अनोळखी भल्या माणसाच्या गाडीत सॅन मटेओपर्यंत जाऊन आले.

बसवायला गॅरेजमध्ये आम्ही दोघं. नटबोल्टला आदल्या रात्री गंज सोडवायचं तेल मारून ठेवलं होतं, ते मुकाट्याने सुटले. तास खाल्ला तो पाइप लटकवणाऱ्या रबरी हँगरांनी. लोखंडी दांडीचं टोक बोंडासारखं फुगीर, त्यावरून घट्ट रबर ओढायचं, तेही डोक्यावर हात करून. शेवटी भांड्यांच्या साबणाचं पाणी लावलं आणि सुळकन निघालं. मागची तोंडं बंपरच्या खाचेत थंड असताना मधोमध आणली होती. तापल्यावर पाइप वाढला, एक तोंड किंचित खाली आलं. शे-दीडशे मैलांनी पुन्हा खाली शिरून क्लॅम्प आवळले. पहिल्या दिवशी नव्या पाइपचं तेल जळून धूर निघतो, घाबरू नका.

हा सेट लावून साडेनऊ महिने झाले. ७०ला आता घुमतं तेवढं चालतं, फोनवर बोलता येतं. ४,०००च्या वर गळा मोकळा होतो. इंजिन सुबारूचं असलं तरी सुबारूची ती जुनी डुगडुग यात नाही, ती असमान लांबीच्या हेडरमधून येते. ती हवी असलेल्यांनी कॅट-बॅककडून, म्हणजे कॅटच्या मागच्या असल्या सेटकडून, आशा ठेवू नये. स्पीकरवाल्या आवाजाची वायर मी काढून टाकली.

सकाळचा पहिला स्टार्ट मात्र अजून अवघड जागीचं दुखणं आहे. कॅट तापवायला इंजिन मिनिटभर मुद्दाम चढ्या आरपीएमवर राहतं. आई सांगलीहून आली होती, पहिल्याच सकाळी गॅलरीत येऊन म्हणाली, “अगं, पुंगळी काढलीस की काय बुलेटसारखी?” त्या दिवसापासून मी गाडी सुरू करून तिथे उभी राहत नाही, हळूच गल्लीबाहेर नेते. कायद्याची मर्यादा ९५ डेसिबल, पण शेजाऱ्यांची त्याहून बरीच खाली. लागुना सेकाच्या रेस ट्रॅकवर हौशी लोकांनी गाड्या पळवायच्या बहुतेक दिवशी (ट्रॅक-डे) ९०चीच हद्द असते. मी एकदा गेले, बाहेर या म्हणणारा काळा झेंडा दिसला नाही.

आणि समुद्राकाठच्या रस्त्यावरचा डेव्हिल्स स्लाइडचा बोगदा. सव्वा किलोमीटर, मर्यादा ताशी ४५ मैल. दुसऱ्या गिअरमध्ये ४५ला काटा साडेपाच हजारांवर असतो. काचा खाली करायच्या. एवढंच सांगते.

पहिला सेट एका कॉलेजच्या पोराने नेला. मी त्याला प्रामाणिकपणे सांगितलं, फ्रीवेवर डोकं उठेल. तो म्हणाला, राहतो डोंगरातल्या बोल्डर क्रीकला, काम फेल्टनला, मधे नुसती वळणं. सहावा गिअर शेवटचा कधी टाकला ते त्याला आठवतच नव्हतं. परवा त्याचा मेसेज आला, एक नंबर सायलेन्सर आहे, तुम्ही का विकलात?