नंदुरबारच्या पावसात पिकलेली ज्वारी आणि आमचे १,०५,८०० रुपये

आकडा आधी सांगते, म्हणजे पुढे मला काही लपवता येणार नाही. एक लाख पाच हजार आठशे रुपये, एका खोट्या सुवार्तिकाने, म्हणजे येशूची सुवार्ता सांगत फिरतो म्हणणाऱ्याने, फसवून नेलेले. यातले ६४,५०० माझ्या पेन्शनीतले. उरलेले ४१,३०० आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, महिला मंडळाचे, आणि त्या मंडळाची खजिनदार मी. फक्त माझे गेले असते तर मी तोंड दाबून बसले असते, हे खरं सांगते. पण त्या ४१,३०० मध्ये विड्या वळणाऱ्या बायकांच्या दहा-वीसच्या नोटा आहेत. त्या मला 'बाई' म्हणतात, कारण त्यांच्यातल्या निम्म्या जणींच्या पोरांना मी शाळेत शिकवलंय. म्हणून लिहितेय. सोलापुरातल्या, बार्शी-पंढरपूरकडच्या, लातूर-धाराशिवच्या मंडळ्यांनी हे वाचावं.

तो फेब्रुवारीत आला. रविवारच्या उपासनेनंतर ओट्यावर उभा होता. पायात साधी चप्पल, खांद्याला पिशवी, हातात एका लांबच्या पाळकांच्या (चर्चच्या धर्मगुरूंच्या) सहीचं पत्र. (ते पत्र खोटं होतं. त्यावरच्या नंबरवर एक फोन केला असता तर कळलं असतं. कोणीच केला नाही.) म्हणाला, मी फिरता सुवार्तिक, सातपुड्याच्या पाड्यांवर काम करतो, पुण्याची गाडी चुकली म्हणून थांबलोय. आपल्या विश्वासाची साक्ष फार सुंदर दिली. आणि पैसे मागितले नाहीत. "मला पैसे नकोत आई, फक्त रोज माझं नाव घेऊन प्रार्थना करा." या एका वाक्यावर आम्ही सगळ्या जणी गेलो.

माझ्या घरी चार दिवस राहिला. मला नावं ठेवणाऱ्यांनी आधी एवढं ऐकून घ्यावं. माझी आजी मंगळवेढ्याच्या खेड्यांतून बायबलबाई म्हणून, बायबल सांगत, पायी फिरली. लोकांनी तिला भाकरी दिली, ओसरीवर जागा दिली, म्हणून ती फिरू शकली. त्या घरातली मी फिरत्या सुवार्तिकाला दार उघडणार नाही, तर कोण उघडणार? बायबलातल्या योहानाच्या तिसऱ्या पत्रात गायसाचं कौतुक कशासाठी केलंय? अनोळखी बंधूंना त्याने घरात घेतलं आणि पुढच्या वाटेला लावलं, यासाठीच ना? मी तेच केलं. जाताना त्याला शेंगाचटणी दिली, एक चादर दिली आणि २,००० रुपये रोख हातात ठेवले. त्याने डोळ्यांत पाणी आणलं.

पुढचं तुम्हाला माहीतच आहे, असले प्रकार सगळे एकाच वाटेने जातात. रोज पहाटे साडेपाचला व्हॉट्सअ‍ॅपवर वचन आणि त्याच्या आवाजातली प्रार्थना. 'प्रार्थना भागीदार' म्हणून महिन्याला १,००० रुपये, मार्च ते जुलै, म्हणजे ५,०००. मे महिन्यात मोटारसायकलचं इंजिन गेलं, १८,५००. ऑगस्टमध्ये बायकोचं सिझेरियन आणि बाळ काचेच्या पेटीत, माझे २५,००० आणि मंडळाचे १८,०००. सप्टेंबरच्या ११ तारखेला त्याला 'पकडलं', जामिनासाठी १४,०००. मंडळाचे राहिलेले २३,३०० जुलैत ताडपत्र्यांसाठी गेले. त्याबद्दल सविस्तर सांगायचंय, कारण मी तिथेच थांबायला हवं होतं.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात त्याने पाठवलेला फोटो आला. खाली लिहिलं होतं, 'आजची सभा, धडगाव तालुका, नंदुरबार. रात्रीच्या पावसात अकरा झोपड्या पडल्या. प्रार्थना करा.' मी चष्मा लावून फोटो मोठा करून बघितला. वीस-पंचवीस माणसं जमिनीवर बसलेली. दोन म्हाताऱ्यांनी कानाला मफलर गुंडाळलेला. एका बाईच्या मांडीवरच्या पोराला लोकरीची टोपी. आणि मागे शेत. ज्वारीचं. ताटं पुरुषभर उंच, कणसं भरलेली, पांढरी, वाकलेली. जमीन कोरडी, भेगा पडलेली.

मी मंगळवेढ्याची आहे. ज्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालंय, त्या ज्वारीच्या रानात मी लहानाची मोठी झाले. तशी कणसं संक्रांतीच्या पुढे-मागे हुरड्याला येतात, हे आमच्याकडच्या पाच वर्षांच्या पोरालाही कळतं. जुलैत महाराष्ट्रात अशी ज्वारी उभी नसते. झोपड्या पाडणारा पाऊस आदल्या रात्री पडला असेल, तर जमिनीला भेगा कशा? हे सगळं मला त्या क्षणी दिसलं. नजरेतून सुटलं असं मी म्हणू शकत नाही. दिसलं, पोटात काहीतरी हललं, आणि मी स्वतःला सांगितलं, असेल बाई, तिकडे डोंगरात वेगळं पीक असेल.

का सांगितलं? कारण पाच महिने रोज पहाटे मी त्या माणसाचं नाव घेऊन प्रार्थना करत होते. ज्याच्यासाठी आपण गुडघे टेकतो, त्याच्याबद्दल शंका घेणं म्हणजे आपल्याच प्रार्थनेवर शंका घेणं, असं वाटायला लागतं. आणि माझी एक दुखरी गोष्ट त्याला मी सांगून बसले होते. माझ्या सुनेची दोन बाळंतपणं वाया गेलीत. "आई, वहिनींसाठी मी शुक्रवारचा उपास धरलाय," असं तो दर आठवड्याला कळवायचा. पैशाचं एक वेळ सोडून देईन. हे नाही सोडणार.

त्याच रात्री मी बायकांना फोटो दाखवला आणि आठ दिवसांत २३,३०० जमले. एकीने ११०० रुपये दिले. मांडीवरचं सूप बाजूला ठेवून उठली, पत्र्याच्या डब्यातून चुरगळलेल्या नोटा काढल्या आणि माझ्यासमोर दोनदा मोजल्या. तिने बाळाच्या दवाखान्यासाठीही नंतर ५०० दिले. मी तिला ज्वारीचं सांगितलं नव्हतं.

दुसरी खूण मोबाइलवर होती. त्याने पाठवलेला क्यूआर कोड स्कॅन केला तर नाव आलं एका मोबाइल दुकानाचं. विचारलं, तर म्हणाला, ट्रस्टचं खातं ऑडिटसाठी थांबवलंय, हे भावाच्या दुकानाचं आहे. मी पिन टाकला. लक्षात ठेवा, स्कॅन केल्यावर पडद्यावर जे नाव येतं, पैसे त्यालाच जातात. तोंडाने सांगितलेल्या ट्रस्टला जात नाहीत. संस्थेचे पैसे संस्थेच्या नावाच्या खात्यातच टाका, समोरचा कुठलंही कारण सांगू दे.

मंडळीचा कारभार बघणाऱ्या आमच्या पंचांपैकी एकाने मे महिन्यातच हिशोब मागितला होता. मी तो निरोप पोचवला, तर उत्तरात योहानाच्या त्या तिसऱ्या पत्रातलाच दियत्रफेस आला, बंधूंना न स्वीकारणारा. "मंडळीत एक दियत्रफेस असतोच आई, त्याच्यासाठीही प्रार्थना करू." मी त्या पंचांशी महिनाभर नीट बोलले नाही. त्यांची माफी मी मागितली आहे, इथेही मागते. वचनाचा आधार देऊन जो हिशोब टाळतो त्याला लगेच दार दाखवा. पौलाने यरुशलेमेच्या गरिबांसाठी वर्गणी जमवली तेव्हा ती एकट्याच्या हातात ठेवली नाही. मंडळ्यांनी निवडलेले बंधू बरोबर घेतले, कोणी दोष ठेवू नये म्हणून. करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात सरळ लिहिलंय. हा अध्याय मी रविवारच्या शाळेत शिकवलाय.

आमच्या पाळकसाहेबांनी नंतर 'डिडाखे'मधला भाग वाचून दाखवला. अगदी सुरुवातीच्या मंडळ्यांसाठीचे नियम आहेत ते. फिरता प्रेषित आला तर त्याचं स्वागत करा. एक दिवस राहू द्या, गरज असेल तर दुसरा दिवस. तीन दिवस राहिला तर तो खोटा संदेष्टा. निघताना पुढच्या मुक्कामापुरती भाकरी द्या. पैसे मागितले तर खोटा संदेष्टा. म्हणजे हे दुखणं एवढं जुनं आहे, आणि आपल्या मंडळ्यांत याबद्दल एक शब्द बोलला जात नाही. साहेब, हे फेब्रुवारीत वाचायचं होतं.

३० सप्टेंबरला उलगडा झाला. आमच्यातल्या एका नर्सने त्याने पाठवलेल्या दवाखान्याच्या बिलावरचा नंबर पाहून तिथे फोन केला. अशी पेशंट नाही, असं बिल नाही. मग तिकडच्या एका मंडळीच्या पाळकांना विचारलं. त्यांनी या माणसाचं नावही ऐकलेलं नव्हतं. पावतीवरचा ट्रस्टचा नोंदणी क्रमांक भाच्याने धर्मादाय आयुक्तांच्या संकेतस्थळावर टाकून बघितला. तो भलत्याच जिल्ह्यातल्या भलत्याच संस्थेचा निघाला. दहा मिनिटांचं काम. देणगीवर आयकरात सवलत मिळते त्याचं प्रमाणपत्र (८०जी म्हणतात ते) मागा, नोंदणी तपासा, ती पावतीवर छापलेली आहे म्हणून गप्प बसू नका.

आता ज्यांच्याकडे न्याय मागायला गेले त्यांचं ऐका. १९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, त्याच संध्याकाळी फोन केला. तक्रार नोंदली, क्रमांक मिळाला, पण शेवटचे पैसे जाऊन एकोणीस दिवस झाले होते. खातं रिकामं. हा फोन पहिल्या तासात केला तर रक्कम वाटेत अडवता येते, नंतर तो कागद उरतो. बँकेत गेले. तिथला मुलगा म्हणाला, मॅडम, पिन तुम्हीच टाकलाय, बँकेची जबाबदारी येत नाही. वर मान करून बघितलंही नाही.

पोलीस ठाण्यात तीन तास बाकावर बसले. वय एकसष्ट, गुडघे दुखतात. साहेब बंदोबस्तात. नवरात्राचा बंदोबस्त झाला की कोजागिरीला तुळजापूरला चालत जाणाऱ्यांचा बंदोबस्त, मग दिवाळी. चौथ्या फेरीला एकजण भेटले. "स्वतःच्या हाताने दिलेत ना? मग हे दान झालं. दान परत मागतात का?" मी म्हटलं, खोटं सांगून घेतलेल्या पैशाला दान म्हणतात का? तर म्हणे, ऑनलाइन आहे, सायबरला जा. सायबरच्या टेबलावर सांगितलं, माणूस प्रत्यक्ष घरी येऊन राहिलाय, हद्दीतल्या ठाण्यात जा. परत आले. मग एकाने पेन खाली ठेवून विचारलं, "यात धर्मांतराचा काही विषय आहे का?" मी तक्रारदार. माझी आजी, माझी आई, मी, आम्ही पिढ्यान् पिढ्या याच जिल्ह्यातल्या. माझे पैसे गेलेत, आणि हा प्रश्न मला? माझे हात थरथरत होते. माझ्याबरोबर आलेली विडी कामगार घाबरून उठून बाहेर गेली ती परत आली नाही. तिने साक्ष द्यायलाही आता नकार दिलाय.

मंडळीच्या लोकांनीही तेच केलं. "कशाला वाढवता बाई, मंडळीचं नाव जाईल, बाहेरचे लोक वेगळाच अर्थ काढतील." अर्थ काढणारे काढतीलच. पण आपण गप्प बसतो, हे त्या माणसाला पक्कं माहीत होतं. त्याचं सगळं भांडवल तेच होतं.

तिथे कोणी सांगत नाही ते मी सांगते. १ जुलै २०२४ पासून ४२० च्या जागी भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आहे. फसवून पैसे काढून घेतले तर सात वर्षांपर्यंत शिक्षा. गुन्हा दखलपात्र असेल तर एफआयआर घ्यावाच लागतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्येच सांगितलंय. हद्दीचं कारण चालत नाही, कोणत्याही ठाण्यात शून्य क्रमांकाने (झिरो एफआयआर) नोंदवता येतो. तरी घेत नसतील तर तक्रार टपालाने वरिष्ठांना पाठवा, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये ती सोय आहे. मी रजिस्टर्ड पोस्टाने पाठवली. पोचपावती आली. त्यानंतर 'अर्ज चौकशीवर आहे' एवढंच उत्तर. अर्ज! गुन्हा अजून दाखल नाही.

व्हॉट्सअ‍ॅपचं संभाषण पुसू नका. मी रागाच्या भरात मार्च महिन्याचे मेसेज पुसले, आता ते पुरावे गेले. प्रत्येक व्यवहाराचा बारा आकडी यूपीआय क्रमांक वहीत उतरवा. रोख दिलेल्या पैशाला साक्षीदार ठेवा. आणि प्रवासी सेवकांना द्यायचंच असेल, जरूर द्या, मीही देणार आहे, तर मंडळीच्या खात्यातून, दोन सह्यांनी, त्याच्या वरच्या माणसाशी स्वतः शोधलेल्या नंबरवर बोलून. खरे सुवार्तिक एसटीने फिरतात, उपाशी झोपतात. या माणसामुळे आता त्यांनाही दारं बंद होतायत.

मंडळाचे पैसे मी भरतेय. दर महिन्याला पेन्शन झाली की ६,०००. आतापर्यंत १८,००० दिलेत, २३,३०० राहिलेत. त्या ११०० आणि ५०० वाल्या बाईचे सगळ्यात आधी दिले. ती घेत नव्हती.

गेल्या मंगळवारी बार्शीहून एका बहिणीचा फोन आला. कोणाकडून तरी माझं ऐकलं होतं. त्यांच्याकडे एक सुवार्तिक येऊन गेला, नाव वेगळं, काम मेळघाटात. तिने ६,५०० पाठवलेत. मी म्हटलं, त्याने काही फोटो पाठवलाय का? पाठव. पाच मिनिटांनी आला. कानाला मफलर बांधलेले तेच दोन म्हातारे, लोकरीच्या टोपीतलं तेच पोर, मागे तीच कणसं. तिने अजून १९३० ला फोन केलेला नाही. घरचे नको म्हणतायत, मंडळीचं नाव जाईल म्हणून. उद्या सकाळच्या एसटीने मी बार्शीला जातेय.