परक्या सैनिकांची अटक : सौद्यासाठी की प्रदर्शनासाठी?

एखाद्या राष्ट्राने परक्या देशाचे सैनिक अडकवून ठेवले की त्यामागच्या हेतूची दोन स्पष्टीकरणे हमखास पुढे येतात : सौदा, किंवा घरच्या जनतेपुढे केलेले शक्तिप्रदर्शन. घुसखोरीची चौकशी हे तिसरे; पण चौकशी बहुधा लवकर आटोपते आणि कोठडी मात्र लांबते, म्हणून ते बाजूला ठेवतो. धुळ्यात स्पर्धा परीक्षेच्या विद्यार्थ्यांना आंतरराष्ट्रीय संबंध शिकवताना मला या दोहोंपैकी एकाकडे झुकावे लागले. मुलाखतीला बसणाऱ्यांनाही लागेल.

सौद्याची बाजू लंगडी मुळीच नाही. मालीने जुलै २०२२ मध्ये आयव्हरी कोस्टचे ४९ सैनिक बामाकोत पकडले आणि सप्टेंबरमध्ये तिथले लष्करी राज्यकर्ते असिमी गोइता यांनी, आम्हाला हवे असलेले लोक तुमच्याकडे आश्रयाला आहेत, असे उघड सुनावले. अशा ठिकाणी दुसरा हेतू शोधणे म्हणजे काखेत कळसा आणि गावाला वळसा.

मला खटकते ते निराळेच. मागणी उघड नसेल, तर सौदावादी किंमत सुटकेनंतर शोधतात. आमच्या बोरविहीरचे जवान चंदू चव्हाण २९ सप्टेंबर २०१६ रोजी नियंत्रण रेषेपलीकडे गेले आणि २१ जानेवारी २०१७ रोजी वाघा सीमेवरून परतले. पाकिस्तानने या सुटकेला सदिच्छेचे नाव दिले. ‘मग भारताने बदल्यात काय दिले?’ या प्रश्नाला वर्गात जितकी डोकी तितकी उत्तरे आली. प्रत्येक उत्तर नंतरच्या बातम्यांतून वेचलेले होते, आणि एकही खोटे पाडता येत नव्हते. जे कुठल्याही घटनेला चिकटते, त्या स्पष्टीकरणावर मुलाखतीत विसंबावे असे निदान मला तरी वाटत नाही.

प्रदर्शनाच्या खुणा मात्र आधीच दिसतात. इराणने २००७ मध्ये १५ ब्रिटिश नौसैनिकांना आधी दूरचित्रवाणीवर आणले. पुढे अध्यक्ष अहमदीनेजाद यांनी त्यांना पकडणाऱ्यांना पदके दिली आणि त्याच कार्यक्रमात सुटका ही ब्रिटिश जनतेला ‘भेट’ म्हणून जाहीर केली. उत्तर कोरियाचे उदाहरण त्याहून बोलके आहे. ‘प्युब्लो’ जहाजावरील ८२ अमेरिकी खलाशी ११ महिने कैदेत होते. डिसेंबर १९६८ मध्ये दोन्ही कोरियांच्या सीमेवरील पानमुनजॉम येथे अमेरिकेचे जनरल वुडवर्ड यांनी, या कागदातील मजकूर आम्हाला मान्य नाही, केवळ माणसे सोडवण्यासाठी सही करतो, असे आधी वाचून दाखवले आणि मगच माफीनाम्यावर सही केली. उत्तर कोरियाला ते चालले! माफीनामा हीदेखील किंमतच, असे कोणी म्हणेल. पण देणाऱ्याने तोंडावर नाकारूनही जिचे मोल उतरत नाही, ती किंमत घरच्या प्रेक्षकांकडूनच वसूल व्हायची असणार. जहाज तर आजही प्योंगयांगमध्ये लोकांना पाहायला ठेवलेले आहे.

प्रदर्शनाने सुरू झालेले प्रकरण पुढे सौद्यावर जाऊ शकते, हे मान्य. म्हणून पहिल्या आठवड्यातच पाहावे : कैदी आधी पडद्यावर आला, की मागण्यांची यादी आधी आली? यादी आधी आली असेल, तर सौद्याचे उत्तर बिनदिक्कत द्यावे.