‘जुन्या गाडीला पेट्रोलचा वास यायचाच’: या एका वाक्यावर मी विश्वास ठेवला

"साहेब, जुन्या गाडीला थोडा पेट्रोलचा वास यायचाच." फोनवर हे ऐकलं आणि मी गप्प बसलो. पुढचे तीन आठवडे मुलीला मागच्या सीटवर बसवून मी ती गाडी चालवली, आणि तिच्या पाठीमागे, एका पत्र्यापलीकडे, तापलेल्या इंजिनावर पेट्रोल ठिबकत होतं. आजही हे आठवलं की अंगावर काटा येतो. दुसऱ्या कुणावर ही वेळ येऊ नये म्हणून जसं घडलं तसं सगळं लिहितो आहे.

माझी गाडी साठच्या दशकातली फोक्सवॅगन बीटल. टाकी पुढे, इंजिन मागे. या गाडीच्या पेट्रोलच्या लाईनमध्ये वेगळा फिल्टर कंपनीने दिलेला नव्हता. टाकीत एक जाळी आणि पंपात एक जाळी, एवढ्यावरच ती चालायची, आणि नवी असताना ते पुरतही होतं. पण इतक्या वर्षांत टाकी आतून गंजते. माझ्या कार्बुरेटरच्या तळाशी विटकरी रंगाची बारीक पूड साठायला लागली होती. जेट (कार्बुरेटरमधलं पेट्रोलचं बारीक भोक) दोनदा तुंबला, गाडी चढावर दोनदा बंद पडली. म्हणजे फिल्टर बसवायची गरज खरी होती, आणि गरज असली की माणूस पटकन विश्वास ठेवतो.

क्लासिक गाड्यांचे सुटे भाग विकणाऱ्या एकाने मला काचेचा फिल्टर सुचवला. दोन्ही टोकांना चकचकीत झाकणं, मधे काचेची नळी, आत पांढरा कागद. "टोकं अस्सल पितळेची आहेत, वर पॉलिश केलंय. E20 पेट्रोललाही चालतो. सगळे हाच लावतात." सोबत मीटरभर रबरी होज, म्हणजे पेट्रोलची नळी, त्यावर पांढऱ्या अक्षरात मानक ठरवणाऱ्या SAE या संस्थेचं नाव न देता नुसतं ‘जे30 आर9’ छापलेलं. आर9 म्हणजे इंजेक्शनच्या गाड्यांनाही चालणारा होज, आतून पेट्रोल सोसणाऱ्या खास रबराचं (फ्लोरोइलॅस्टोमरचं) अस्तर असलेला, एवढं मला माहीत होतं. म्हणून तर मी निर्धास्त झालो. काचेतून घाण दिसेल, कधी बदलायचा ते कळेल, हेही पटलं.

बसवताना दोन गोष्टी खटकल्या होत्या, आणि दोन्हींकडे मी कानाडोळा केला. पहिली म्हणजे होज सैल होता. माझ्या गाडीला आतून साडेपाच मिलीमीटरचा होज लागतो. त्याने पाठवलेला पाव इंची, म्हणजे 6.35 मिलीमीटरचा. मिलीमीटरभरही फरक नाही, पण हाताने सहज सरकत होता. मी क्लिप आवळून भागवलं. दुसरी खटकलेली गोष्ट म्हणजे फिल्टरची जागा. त्याने सांगितलं, पंप आणि कार्बुरेटरच्या मधे लावा, दिसायलाही छान दिसतो. बीटलमध्ये ही जागा डिस्ट्रिब्युटरच्या, म्हणजे स्पार्क प्लगना वीज वाटणाऱ्या भागाच्या, जवळजवळ डोक्यावर येते. हे बघून मनात चर्र झालं होतं, तरी लावला.

चार-पाच दिवसांत वास सुरू झाला. आधी गॅरेजमध्ये, मग गाडीत, मग माझ्या कपड्यांना. बायकोने दोनदा बोलून दाखवलं. मी विक्रेत्याला फोन केला, तेव्हा त्याने ते वर लिहिलेलं वाक्य ऐकवलं. इतक्या सहज आणि इतक्या आपुलकीने, की पुढे विचारावंसं वाटलं नाही.

मग एके दिवशी सकाळी, इंजिन गार असताना, झाकण उघडं ठेवून गाडी चालू केली आणि टॉर्च मारला. काचेच्या खालच्या कडेला, झाकण जिथे बसतं तिथे, एक थेंब फुगत होता. तो हळूहळू मोठा झाला, कडेवर थरथरला, सुटला, आणि डिस्ट्रिब्युटरच्या बाजूला पत्र्यावर पडून पसरला. लगेच दुसरा तयार व्हायला लागला. पत्र्यावर त्या जागी धूळ धुऊन निघाली होती, स्वच्छ पट्टा पडला होता. म्हणजे हे आजचं नव्हतं.

मी इंजिन बंद केलं, गॅरेजचं दार सताड उघडलं आणि वास पूर्ण जाईपर्यंत दिव्याच्या बटणालाही हात लावला नाही. बॅटरीची वायर त्यानंतर काढली. वायर काढतानाही ठिणगी पडू शकते, म्हणून क्रम महत्त्वाचा.

हे किती गंभीर होतं ते नीट समजून घ्या. पेट्रोलचा भडका उडायला गरम हवामान लागत नाही, उणे 40 अंशांनाही त्याची पेट घेण्याजोगी वाफ सुटत असते. ही वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड, त्यामुळे ती उडून जात नाही, खाली खोबणीत साचते. हवेत तिचं प्रमाण साधारण दीड टक्क्याच्या आसपास गेलं की एक ठिणगी पुरते. आणि बीटलच्या त्या कोनाड्यात ठिणग्या कमी नाहीत: डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट, जुनी हाय टेन्शन वायर, डायनॅमोचे ब्रश. वर या इंजिनाचं क्रँककेस, म्हणजे बाहेरचं कवच, मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचं. ते एकदा पेटलं की पाणी मारल्याने विझत नाही, उलट जास्त भडकतं. इंजिनमधल्या आगीमुळे या गाड्या जळून खाक झाल्याचं जुने मिस्त्री सांगतात, ते उगाच नाही.

फिल्टर काढून टेबलावर घेतला आणि एकेक भाग सुटा केला. सगळ्यात आधी फ्रिजवरचं लोहचुंबक टोकाच्या झाकणाजवळ नेलं. खटकन चिकटलं. पितळेला लोहचुंबक चिकटत नाही. म्हणजे साधा लोखंडी पत्रा, वर मुलामा. एका झाकणाच्या आत गंजाचे ठिपकेही दिसायला लागले होते. ज्या गंजासाठी फिल्टर लावला, तो फिल्टरच गंज देणार होता.

मग काचेखालचा वॉशर. नवा असताना तो कडक, चपटा होता. आता बोटांत दाबला तर शिळ्या च्युइंगमसारखा दबला आणि बोट काळं झालं. पेट्रोलमधल्या इथेनॉलला न सोसणारं रबर असं फुगतं, मऊ पडतं. E20 म्हणजे त्यात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल, आणि हा फिल्टर म्हणे खास त्यासाठीच होता. काच आणि धातू तापल्यावर वेगवेगळे प्रसरण पावतात, इंजिनाची थरथर सतत चालूच. ते सगळं सांभाळायचं काम या एका वॉशरवर. तो मऊ पडला की झाकण कितीही आवळा, उपयोग नाही. जास्त आवळलं तर काच तडकते.

कागद एका टोकाला चिकटवलेला, दुसऱ्या टोकाला नुसता टेकवलेला. पेट्रोल कागदातून न जाता कडेने सरळ पुढे जात होतं. कार्बुरेटरचा फ्लोट चेंबर (पेट्रोल साठतं तो कप्पा) उघडला तर जुन्या पुडीसोबत कागदाचे तंतूही सापडले.

होजवरची ती ‘जे30 आर9’ अक्षरं मी अंगठ्याच्या नखाने खरवडली. निघून आली. ब्लेडने होज आडवा कापला. खऱ्या आर9 होजला आत पातळ वेगळं अस्तर दिसतं, मधे धाग्यांची वीण, बाहेर जाड आवरण. इथे बाहेरपासून आतपर्यंत एकच काळं रबर. बाहेरून दिसणारी वीण म्हणजे रबरावर उठवलेला ठसा होता, धागा एकही नाही.

विक्रेत्याला सगळे फोटो पाठवले. आधी म्हणाला, तुम्ही जास्त आवळलंत. मग म्हणाला, लावलेला माल परत घेत नाही. मी सोडलं नाही, लोहचुंबक चिकटल्याचा व्हिडिओ पाठवला. तेव्हा आवाज एकदम मऊ झाला. "तुमच्यासाठी कंपनीचा मेटल फिल्टर पाठवतो, ओरिजिनल, सीलबंद." आणि खरंच एक नामांकित कंपनीचं खोकं आलं, होलोग्रामसकट.

या वेळी मी तो गाडीला लावला नाही. त्याच कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडून तोच नंबर मागवला आणि दोन्ही शेजारी ठेवले. हातात घेताच वजनातला फरक कळला. खऱ्यावर पेट्रोलच्या दिशेचा बाण पत्र्यात दाबून उठवलेला, याच्यावर स्टिकर. मग दोन्ही हॅकसॉने उभे कापले (नवा फिल्टर कापताना जीव खालीवर झाला, पण खात्री करायची होती). खऱ्यात कागदाच्या घड्या दाट, सरळ, दोन्ही टोकांना पक्क्या बसवलेल्या. याच्यात निम्म्याहून कमी घड्या, वेड्यावाकड्या, डिंकाचे गोळे तसेच. म्हणजे तक्रार केली म्हणून त्याने मला दुसऱ्यांदा, जास्त विचार करून फसवलं. पहिल्या वेळेला मी त्याला संशयाचा फायदा देत होतो. खोटं खोकं बघितल्यावर तोही संपला.

आता गाडीला काय आहे ते सांगतो, कारण ‘मग लावू तरी काय’ हा प्रश्न येणारच. बंद धातूच्या डब्याचा फिल्टर, काचेचा नाही. पारदर्शक प्लास्टिकचाही इंजिनाजवळ मी लावणार नाही. ते उष्णतेने ठिसूळ होतं आणि होज ओढताना त्याची नळी टचकन तुटते. टाकीजवळ, थंड जागी एखाद्याने लावला आणि वेळेवर बदलत राहिला तर मी वाद घालणार नाही. माझा फिल्टर इंजिनाच्या कोनाड्याबाहेर, गिअरबॉक्सच्या बाजूला, जिथे लोखंडी लाईन चॅसिसमधून बाहेर येते तिथे आहे, पट्टीने पक्का धरलेला. पंप आणि कार्बुरेटरच्या मधे तो लटकत ठेवण्यात आणखी एक धोका आहे, जो मला नंतर कळला: कार्बुरेटरच्या झाकणातली पितळी नळी नुसती दाबून बसवलेली असते. फिल्टरचं वजन आणि थरथर यांनी ती हळूहळू सैल होऊन बाहेर येऊ शकते. तसं झालं तर पंप सगळं पेट्रोल थेट तापलेल्या इंजिनावर ओतणार.

गिअरबॉक्सजवळच्या जागेचीही एक अडचण आहे. टाकी उंचावर असल्याने तिथला होज फाटला तर इंजिन बंद असतानाही पेट्रोल वाहत राहतं. म्हणून होज, क्लिप आणि रबरी ग्रोमेट (पत्र्याच्या भोकात बसवलेली कडी) यांत कसूर चालत नाही. इंजिनाच्या पत्र्यातून होज आत येतो त्या भोकातला ग्रोमेट गेलेला असेल तर पत्र्याची धार होज कापते. तो आधी बघा. क्लिप गोल कडांच्या घ्या. खाचा असलेल्या साध्या क्लिप रबरात रुततात. आणि कापडी वीण असलेला जुना होज बाहेरून धडधाकट दिसला तरी दुमडून बघा, आतल्या भेगा कापड झाकून टाकतं.

दाबाबद्दलही कुणी गोंधळवू देऊ नका. कार्बुरेटरच्या गाडीचा यांत्रिक पंप साधारण 0.2 ते 0.3 बार दाब देतो. इंजेक्शनच्या गाडीत तो कित्येक पट जास्त. त्यामुळे ‘कुठल्याही गाडीला चालतो’ असं जो फिल्टरबद्दल सांगेल, त्याच्याकडून घेऊच नका.

माझ्याकडे आलेल्या मालाच्या खुणा अशा. काचेच्या फिल्टरच्या झाकणावर कुठलंही नाव किंवा नंबर नाही, फक्त चकाकी. लोहचुंबक चिकटतं. होजवर माप आणि कंपनीचं नाव नाही, फक्त ती अक्षरं, तीही एकाच ठिकाणी. खऱ्या होजवर छपाई ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा येते. खोट्या धातूच्या फिल्टरवर बाणाचं स्टिकर, आणि खोक्यावरचा बॅच नंबर आतल्या डब्यावरच्या नंबराशी जुळत नाही. कापलेले दोन्ही फिल्टर आणि होजचा तुकडा मी जपून ठेवलाय. तुमच्याकडे असाच माल आला असेल तर फोटो पाठवा, शेजारी ठेवून सांगतो. आणि सध्या गाडीत वास येत असेल तर आज गाडी काढू नका. आधी इंजिनाचं झाकण उघडा आणि टॉर्च मारून बघा.