घरभर गाणं: एकच मोठा अ‍ॅम्प, खोलीगणिक छोटे अ‍ॅम्प की तयार स्मार्ट स्पीकर?

गेल्या दीड-दोन वर्षांत सांगलीतल्या दोन घरांत मी घरभर आवाज पोचवायचं काम केलं. एक आमचं, विश्रामबागेतलं आरसीसीचं दुमजली घर. दुसरं ताईचं, गावभागातला जुना वाडा, दीड-दीड फूट जाडीच्या भिंतींचा. मागणी दोन्हीकडे सारखीच वाटत होती. सकाळी देवघरात आणि स्वयंपाकघरात अभंग लागावेत, म्हाताऱ्या माणसांना उठून लांब जावं लागू नये, पोरांना त्यांचं त्यांना ऐकता यावं, आणि खर्च आवाक्यात राहावा. तरी दोन घरांना दोन वेगळी उत्तरं निघाली. कुणी याच विचारात असेल तर ती का निघाली हे उपयोगी पडेल.

पर्याय मुळात तीन. पहिला, एकच अ‍ॅम्प (अ‍ॅम्प्लिफायर, म्हणजे स्पीकर वाजवणारं यंत्र) आणि 100 व्होल्टची लाइन. देवळात, शाळेत, मंगल कार्यालयात अहुजाचा अ‍ॅम्प लावून ओळीनं स्पीकर जोडतात, तीच पद्धत. दुसरा, प्रत्येक खोलीत तळहाताएवढा क्लास डी (कमी तापणाऱ्या जातीचा) अ‍ॅम्प आणि वायरवरचे साधे स्पीकर. तिसरा, वायफायवर चालणारे तयार स्मार्ट स्पीकर. पुष्कळ जण चौथाच मार्ग धरतात: घरातल्या स्टिरिओ अ‍ॅम्पलाच चार खोल्यांचे स्पीकर जोडून टाकतात. तो मात्र धरू नका. आठ ओहमचे (ओहम हे विजेच्या रोधाचं माप) दोन स्पीकर समांतर जोडले की चार ओहम होतात, चार जोडले की दोन. बहुतेक घरगुती अ‍ॅम्प चार ओहमच्या खाली सोसत नाहीत. तापतात, बंद पडतात, कधी जळतात.

माझं मत आधीच सांगतो. घरात ज्याला त्याला वेगळं ऐकायचं असेल तर छोटे अ‍ॅम्प घ्या. सगळीकडे एकच आवाज हवा असेल आणि अंतरं लांब असतील तर 100 व्होल्टची लाइन घ्या. स्मार्ट स्पीकर एखाद्या खोलीपुरता ठीक.

छोट्या अ‍ॅम्पबद्दल लोकांचा पहिला प्रश्न असतो, "एवढ्याशा डबीतून आवाज निघेल का?" निघतो. जुन्या क्लास एबी अ‍ॅम्पमध्ये घेतलेल्या विजेचा मोठा वाटा उष्णतेत जातो, म्हणून त्यांना ते जाडजूड अ‍ॅल्युमिनियमचं हीटसिंक लागतं. क्लास डी मध्ये नव्वद टक्क्यांच्या आसपास वीज स्पीकरपर्यंत पोचते, म्हणून डबी लहान राहते. स्वस्त अ‍ॅम्पमध्ये बहुधा टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची टीपीए3116 ही चिप असते, महागड्यांत टीपीए3255. ऑनलाइन खोक्यावर 100 वॅट, 300 वॅट असे आकडे छापलेले असतात. त्याकडे न बघता अ‍ॅडॅप्टर बघा. 24 व्होल्ट 4.5 अँपिअरचा अ‍ॅडॅप्टर असेल तर सगळी मिळून वीजच 108 वॅट. त्याच्यापेक्षा जास्त आवाज आणणार कुठून? टीपीए3116 ला 24 व्होल्ट दिले तर आठ ओहमच्या स्पीकरवर प्रत्येक बाजूला 30 वॅट मिळतात, आणि घरच्या खोलीला ते भरपूर झाले. 86 डेसिबल संवेदनशीलतेचा स्पीकर एका वॅटवर, मीटरभर अंतरावर 86 डेसिबल देतो. एवढ्या आवाजात घरातलं बोलणं ऐकू येत नाही. आमच्या स्वयंपाकघरात रोजचा अभंग एक वॅटच्या आतच भागत असणार.

घरात जुन्या लॅपटॉपचा 19 व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर पडला असेल तर तोही चालतो. 65 वॅटच्या त्या अ‍ॅडॅप्टरवर दर बाजूला साधारण 20 वॅट मिळतात. फक्त दोन गोष्टी तपासा. पिन घट्ट बसायला हवी, कारण बाहेरून सारख्या दिसणाऱ्या पिनांची आतली भोकं 2.1 आणि 2.5 मिलिमीटर अशी वेगळी असतात आणि सैल पिनेत ठिणग्या पडतात. दुसरं, टीपीए3116 च्या अ‍ॅम्पला 26 व्होल्टच्या वरचा अ‍ॅडॅप्टर कधीही लावू नका. मी आमच्याकडचे तीनपैकी दोन अ‍ॅम्प जुन्या लॅपटॉप अ‍ॅडॅप्टरवरच चालवतो. वाचलेले पैसे स्पीकरवर घातले, आणि तुम्हीही तेच करा. हजार रुपये जास्तीचा अ‍ॅम्प घेतल्यानं जेवढा फरक पडेल, त्याच्या कितीतरी पट फरक हजार रुपये जास्तीच्या स्पीकरनं पडतो.

आता जिथं बहुतेकांचं चुकतं ते सांगतो, कारण ताईकडे मी स्वतः त्यात अडकलो. वाड्यात पूर्वीच्या वायरमननं दोन स्पीकरसाठी तीन तारा टाकल्या होत्या: डावा, उजवा आणि दोघांत मिळून एक मायनस. जुन्या अ‍ॅम्पला ते चालायचं. मी आयत्या तारा आहेत म्हणून छोटा अ‍ॅम्प त्यांनाच जोडला. दिवा लागायचा, क्षणभर टक्‌ असा आवाज यायचा आणि दिवा विझायचा. पुन्हा तेच. अर्धा तास मी स्पीकरच खराब म्हणून बसलो होतो. मग मल्टिमीटर लावला आणि दोन्ही मायनस एकत्र आहेत हे कळलं. या चिपांमध्ये स्पीकरची प्लस आणि मायनस दोन्ही टोकं चालती असतात, मायनस म्हणजे ग्राउंडची शून्य व्होल्टची तार नव्हे. डाव्या-उजव्याचे मायनस जोडले की अ‍ॅम्पच्या दृष्टीनं तो शॉर्टच. माझ्या अ‍ॅम्पमध्ये संरक्षण होतं म्हणून वाचला. तेव्हा जुन्या घरात आयती वायर मिळाली तर आधी तारा मोजा. दोन स्पीकरला चार तारा हव्यात. दोन अ‍ॅम्पची आउटपुट एकत्र करणं, किंवा ज्यात मायनस समाईक आहे असा स्पीकर सिलेक्टर (कुठला स्पीकर वाजवायचा ते निवडायची डबी) मध्ये घालणं, हेही त्याच कारणानं वर्ज्य.

वायरच्या जाडीतही दोन पद्धतींत मोठा फरक आहे. एक चौरस मिलिमीटर तांब्याच्या तारेला मीटरमागे साधारण 0.018 ओहम रोध असतो. स्पीकर 20 मीटर लांब असेल तर जाऊन-येऊन 40 मीटर तार, म्हणजे 0.7 ओहम. आठ ओहमच्या स्पीकरला हे जास्त झालं. तिथं दीड किंवा अडीच चौरस मिलिमीटरची वायर घ्यावी लागते, आणि तांब्याचा भाव तुम्हाला माहीत आहेच. छोटा अ‍ॅम्प त्याच खोलीत ठेवला की ही भानगडच उरत नाही, तीन-चार मीटर साधी वायर पुरते. 100 व्होल्ट लाइनवर गणित वेगळं. तिथं स्पीकरच्या पाठीमागे छोटा ट्रान्सफॉर्मर असतो. त्यावर स्पीकर किती वॅटचा ठेवायचा ते निवडायचे जोड असतात, त्यांना टॅप म्हणतात. 10 वॅटच्या टॅपला लाइनवर 1000 ओहमचा भार दिसतो आणि तारेतून जेमतेम 0.1 अँपिअर जातो. मग 50 मीटर लांब बारीक वायरही चालते, आणि कितीही खोल्या वाढवा, फक्त सगळ्या टॅपांची बेरीज अ‍ॅम्पच्या वॅटच्या आत ठेवायची. 60 वॅटच्या अ‍ॅम्पवर सहा-सहा वॅटचे सहा स्पीकर म्हणजे 36, आरामात. एवढं लक्षात ठेवा की आवाज मोठा असताना त्या तारांवर खरोखर 100 व्होल्टपर्यंत दाब असतो. जोड उघडे ठेवायचे नाहीत, पोरांच्या हाताशी तर नाहीच.

आवाजाच्या प्रतीत मात्र छोटे अ‍ॅम्प सरळ पुढे आहेत. आमचे अण्णा मिरजेच्या मैफिली ऐकत वाढलेले. ज्या मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला 2024 मध्ये जीआय मानांकन मिळालं, तिथल्या तंबोऱ्याचा आवाज त्यांच्या कानात मुरलेला आहे. म्हणून परीक्षेला नुसता तंबोराच लावला. काळी एक पट्टीतली खर्जाची तार साधारण 69 हर्ट्झवर वाजते. चार इंची सीलिंग स्पीकर आणि त्यामागचा छोटा ट्रान्सफॉर्मर यांच्यात तो खर्ज बहुतेक गळून जातो. जवारीची वरची झिणझिण ऐकू येते, बूड नाही. तोच तंबोरा छोट्या अ‍ॅम्पवर, सव्वापाच इंची वूफरच्या बुकशेल्फ जोडीवर लावला तेव्हा अण्णा म्हणाले, "हां, आता भोपळा बोलला." त्यांच्या खोलीचा निर्णय तिथंच झाला. भजन, बातम्या, श्लोक यांना 100 व्होल्टचे स्पीकर चांगले पुरतात, शब्द उलट जास्त स्वच्छ येतात.

गाणं अ‍ॅम्पपर्यंत आणायचं कसं, हा पुढचा भाग. ब्लूटूथ एका खोलीला सोपं. पण फोन घेऊन माणूस गच्चीवर गेला की गाणं तुटतं, कॉल आला की थांबतं. आणि एका फोनवरून तीन खोल्यांत एकाच वेळी वाजवणं त्याला सहसा साधत नाही. तीन खोल्यांत एकच गाणं हवं तर वायफायवर चालणारे स्ट्रीमर (नेटवरून गाणं घेऊन ते पुढे देणाऱ्या डब्या) लागतात, आणि ते आपसात वेळ जुळवणारे हवेत. आवाज सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो. दोन खोल्यांत एक दशांश सेकंदाचा फरक राहिला तर मधल्या बोळकंडीत उभ्या माणसाला 34 मीटर लांबून प्रतिध्वनी आल्यासारखं होतं. अभंग तर लगेच विस्कटतो. विम (WiiM) कंपनीच्यासारखे तयार स्ट्रीमर हे जुळवतात. स्वतः मांडणाऱ्यांना रास्पबेरी पाय हा छोटा संगणक आणि त्यावर गाणं वाजवणारं स्क्वीझलाइट, सोबत सगळ्या खोल्यांना गाणं पुरवणारं लिरियन म्युझिक सर्व्हर, हा फुकट सॉफ्टवेअरचा आणि उत्तम जुळणारा मार्ग आहे. आमच्याकडे हाच आहे. बसवायला संध्याकाळच्या दोन-तीन बैठका लागतात, पण एकदा बसला की वर्षभर हात लावावा लागत नाही. 100 व्होल्टला हा प्रश्नच नाही, अ‍ॅम्प एक म्हणून सगळीकडे आवाज एकाच क्षणी.

स्मार्ट स्पीकरबद्दल थोडक्यात. बोलून लावता येतो, ही गुडघेदुखीच्या माणसाला मोठी सोय आहे आणि ती मी कमी लेखत नाही. पण खोली वाढली की तेवढे नग वाढतात, आणि अख्खी मांडणी कंपनीच्या मर्जीवर राहते. गूगलनं 2015 मध्ये आणलेलं क्रोमकास्ट ऑडिओ हे छोटं स्ट्रीमर 2019 च्या सुरुवातीला बंद केलं. मार्च 2025 मध्ये त्यातल्या सर्टिफिकेटची मुदत संपली आणि दुरुस्ती येईपर्यंत लोकांची चालती यंत्रं काही दिवस मुकी झाली. अ‍ॅमेझॉनच्या इको डॉटला पूर्वी 3.5 मिलिमीटरचं आउटपुट होतं, छोट्या अ‍ॅम्पला जोडायला सोयीचं. पाचव्या पिढीत ते काढून टाकलं. जुना डॉट हाताशी असेल तर मात्र विकू नका. छोट्या अ‍ॅम्पला तो स्वस्तातला स्ट्रीमर आहे.

एक त्रास छोट्या अ‍ॅम्पचा आहे, तो आईमुळे कळला. तिचा मिडियम वेव्हचा जुना ट्रान्झिस्टर स्वयंपाकघराच्या फळीवर असतो. सांगली आकाशवाणी आमच्या घरात वर्षानुवर्षं 1251 किलोहर्ट्झवरच ऐकली गेली. अ‍ॅम्प बसवला त्या दिवसापासून ती म्हणायला लागली, "रेडिओ खरखरतोय बघ." अ‍ॅम्पचं बटण बंद केलं, खरखर गेली. क्लास डी चिप आतल्या आत सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद होत असते, आणि ही वारंवारता नेमकी मिडियम वेव्हच्या पट्ट्यात किंवा जवळपास येते. टीपीए3116 मध्ये ती बदलायची सोय निर्मात्यानंच दिली आहे, पण तयार डबीत ते बटण बाहेर काढलेलं क्वचितच असतं. मी ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पपासून पाच-सहा फूट लांब खिडकीत नेला, स्पीकरच्या वायरपासून दूर केला आणि आडवा-उभा फिरवून पाहिला. आतल्या फेराइट सळईला, म्हणजे त्याच्या अँटेनाला, दिशा असते. एका बाजूला वळवल्यावर खरखर जवळजवळ गेली. ज्या घरात अजून मिडियम वेव्ह ऐकतात तिथं अ‍ॅम्पची जागा ठरवण्याआधी रेडिओ लावून बघा.

विजेचं म्हणाल तर छोटे अ‍ॅम्प नुसते चालू राहिले तरी मोजकेच वॅट खातात, इन्व्हर्टरवर भार जाणवत नाही. अ‍ॅम्प आणि संगणक दोन वेगळ्या प्लगवर असले की कधी गुणगुण येते. दोन्ही एकाच बोर्डावर घ्या, तरी राहिली तर ग्राउंड लूप आयसोलेटर (ही गुणगुण अडवणारी छोटी डबी) मध्ये घाला.

शेवटी ताईच्या वाड्यात काय केलं ते. तिथं जाड भिंतींतून वायफाय पुढच्या सोप्यातून मागच्या स्वयंपाकघरात पोचत नव्हतं, प्रत्येक खोलीत स्ट्रीमर म्हणजे प्रत्येक खोलीत तक्रार झाली असती. दाजी म्हणाले, "मला काही निवडायचं नाही, सकाळी सगळीकडे एकच लागू दे." मग 100 व्होल्टचा एक अ‍ॅम्प आणि पाच स्पीकर. स्वयंपाकघरात आणि देवघरात भिंतीवर आवाज कमी-जास्त करायचा गोल नॉब, म्हणजे कुणाला अ‍ॅप उघडावं लागत नाही. फक्त भाच्याच्या खोलीत वेगळा छोटा अ‍ॅम्प. तिथं त्याचा फोन आणि त्याचं गाणं.

मोठा अ‍ॅम्प खाली सोप्यात ठेवायचा वायरमनचा विचार होता, तारा कमी लागतात म्हणून. ताईनं नाही म्हटलं. 2019 ला कृष्णेचं पाणी सोप्यात आलं तेव्हा खालचा फ्रीज आणि पंप दोन्ही गेले होते. अ‍ॅम्प माडीवरच्या कपाटात ठेवला, तारा वरून खाली उतरवल्या, आणि खालच्या स्पीकरचे जोड छताच्या तुळईजवळ केले, म्हणजे वेळ आलीच तर स्पीकर काढून माडीवर न्यायला दहा मिनिटं पुरतील.