आरटीएक्स ३०६० की ४०६०? उन्हाळा आणि लग्नसराई दोन्ही काढल्यावर

एनव्हिडियाच्या या दोन ग्राफिक्स कार्डांपैकी, फक्त १०८०पीवर (फुल एचडी) गेम खेळायचे असतील तर ४०६० घ्या. ब्लेंडरमधलं थ्रीडी किंवा ४के व्हिडिओ एडिटिंग हे रोजचं काम असेल तर ३०६० घ्या, पण १२ जीबी मेमरीचंच. दोन्ही कार्डं परभणीच्या उन्हाळ्यात महिनोन्‌महिने वापरल्यावरचं हे मत आहे.

४०६० ची ८ जीबी मेमरी एडिटिंगमध्ये लवकर तोकडी पडते. दाविंची या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये ४के टाइमलाइनवर नॉइज रिडक्शनचे (चित्रातले दाणे घालवण्याचे) दोन नोड, म्हणजे इफेक्टचे टप्पे, चढवले की ‘जीपीयू मेमरी फुल’ येतं. तिथं ३०६० काम पुढं नेतं. शिवाय ४०६० पीसीआयईच्या (कार्ड मदरबोर्डाशी जोडणाऱ्या मार्गाच्या) ८ लेनवरच चालतं. बी४५० सारख्या जुन्या मदरबोर्डावर त्या जेन ३ च्या, म्हणजे जुन्या, कमी वेगाच्या पिढीच्या ८ लेन होतात, आणि मेमरी भरून डेटा रॅमकडं वळला की अडखळणं डोळ्यांना दिसतं. ३०६० ला १६ लेन आहेत. एव्ही१ एन्कोडर (व्हिडिओ एव्ही१ या नव्या फॉरमॅटमध्ये साठवणारा भाग) मात्र फक्त ४०६० मध्ये आहे.

लग्नाचं शूटिंग करणाऱ्यांनी एक गोष्ट नीट समजून घ्यावी. कॅमेऱ्यातलं १०-बिट ४:२:२ एच.२६५ (जास्त रंगमाहितीचं, पण दाबून साठवलेलं) फुटेज या दोन्हींपैकी एकही कार्ड हार्डवेअरवर डीकोड करत नाही, म्हणजे उलगडत नाही. टाइमलाइन अडकते आणि दोष कार्डाला दिला जातो. इंटेलच्या ११व्या पिढीपासूनचं इनबिल्ट ग्राफिक्स हे काम सहज करतं. म्हणून थोडे पैसे वाचवायला ‘एफ’वाला (इनबिल्ट ग्राफिक्स नसलेला) प्रोसेसर घेऊ नका, आणि बायोसमध्ये इनबिल्ट ग्राफिक्स चालू ठेवा.

आता वीज. ४०६० ११५ वॉटचं, ३०६० १७० वॉटचं. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉट देतो. प्रोसेसर आणि कार्ड एकदम ताणले गेले की ४०६० त्यात जेमतेम मावतं. ३०६० असेल तर यूपीएस ओरडतो आणि लाईट गेल्याक्षणी पीसी बंद पडतो. ३०६० सोबत १००० व्हीएचाच धरा, त्याचे पैसे बजेटमध्ये आधीच मोजा. घरच्या इन्व्हर्टरवर चालवायचं असेल तर तो साइन वेव्हचा हवा आणि यूपीएस मोडवर हवा.

खोलीचं तापमान जितकं चढेल, जवळपास तितकंच कार्डाचंही चढतं. मे महिन्यात आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरमध्ये ३०६० ची पॉवर लिमिट ८० टक्क्यांवर आणा, म्हणजे १३६ वॉट. वेग थोडासाच घटतो, पंख्यांचा आवाज बराच उतरतो. पंखे पूर्ण थांबू न देता किमान ३० टक्क्यांवर फिरते ठेवा. खोलीतल्या एअर कूलरचा झोत कॅबिनेटवर थेट घेऊ नका: ओलसर हवेत फुफाटा कार्डाच्या फिनवर (उष्णता सोडणाऱ्या पट्ट्यांवर) चिकटून थर बनतो, तो ब्लोअरनंही निघत नाही. दर दीड-दोन महिन्यांनी सफाई करा, आणि ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा.

एएमडीचं आरएक्स ७६०० गेमिंगला चांगलं, पण तेही ८ जीबी आणि १६५ वॉट. कुडावर (एनव्हिडियाच्या स्वतःच्या तंत्रावर) चालणारी सॉफ्टवेअरं त्यावर चालत नाहीत. इंटेलच्या आर्क बी५८० मध्ये १२ जीबी मिळतात, मात्र रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची पूर्ण मेमरी एकदम वापरू देणारी सोय) नसलेल्या जुन्या बोर्डावर ते घेऊच नये.

सेकंडहँड ३०६० बघताना जीपीयू-झेड (कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडून बस विड्थ, म्हणजे मेमरीच्या मार्गाची रुंदी, १९२ बिट आणि मेमरी १२२८८ एमबी आहे ना, ते तपासा. याच नावाचं ८ जीबी, १२८ बिटचं कार्डही बाजारात आलं होतं. अर्धा तास पूर्ण लोड देऊन चालवा, सिरियल नंबर असलेलं बिल मागा.

आणि अर्थिंग. काळी माती उन्हाळ्यात भेगाळली की अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, कॅबिनेटला हात लावला तर झिणझिण्या येतात. खड्ड्यात पाणी सोडत राहा. मल्टिमीटरवर न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये २-३ व्होल्टपेक्षा जास्त दिसत असेल, तर इलेक्ट्रिशियनकडून ते नीट करून घेईपर्यंत नवं कार्ड जोडू नका.